शिखर जूनमध्ये की सप्टेंबरात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हिमालयातले काही ट्रेक झालेली, पस्तिशी ओलांडलेली एक वाचक पहिल्यांदाच ६००० मीटरपेक्षा उंच, बर्फाच्या शिखरावर जायचं म्हणते आहे. शिखर गढवालमधलं आहे. गिर्यारोहणाचा कोर्स झालेला नाही. ज्या आयोजकांबरोबर जायचं त्यांच्या दोन तुकड्या आहेत. एक जूनच्या पहिल्या आठवड्यात निघते, दुसरी सप्टेंबरच्या अखेरीस. ट्रेकमधले सोबती म्हणतात जून, कारण सगळे तेव्हाच जातात. एक जाणकार स्नेही म्हणतात पावसाळा संपल्यावर जा, आकाश स्वच्छ असतं. आणखी कुणी ऑगस्ट सुचवला, गर्दी नसते म्हणून. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत १२ दिवसांची रजा मिळणार आहे. आई-वडील धास्तावले आहेत आणि ‘मी सुरक्षित महिन्यातच जाईन’ असा शब्द तिने त्यांना दिला आहे. तो महिना कोणता, एवढंच तिला विचारायचं आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून टाकली आहे. ती म्हणजे १२ दिवसांची रजा. जून की सप्टेंबर, या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. पण ते दिल्यावर या १२ दिवसांकडे परत यावं लागेल, कारण तुमच्या जिवाशी त्या आकड्याचा संबंध महिन्यापेक्षा जवळचा आहे.

आधी महिन्याचं. गढवालमध्ये चढाईचे दोन हंगाम का पडतात, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे कुणी काहीही सुचवलं तरी तुम्हाला ते पारखून घेता येईल. हिवाळ्यात पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, तिथे बर्फ पडतो, कधी एप्रिलपर्यंत पडत राहतो. मग ऊन वाढतं. दिवसा बर्फाचा वरचा थर विरघळतो, रात्री गोठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ असा हळूहळू दबून घट्ट होतो. उत्तराखंडात मान्सून साधारण जूनच्या उत्तरार्धात पोचतो. म्हणजे बर्फ बसला आहे आणि पाऊस अजून आलेला नाही, असा मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जेमतेम महिनाभर मिळतो. पुढे तीन महिने पाऊस. मान्सूनची माघार १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरू होते आणि महिनाअखेरीला पहाडातली हवा कोरडी व्हायला लागते. तिथून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुसरा हंगाम. त्यानंतर वरचे वारे जोर धरतात, दिवस आखडतो आणि थंडी सोसवेनाशी होते.

हे दोन्ही हंगाम ‘चांगले’ म्हणूनच सांगितले जातात, पण पायाखालची जमीन दोन्ही वेळी अगदी वेगळी असते. जूनच्या सुरुवातीला हिमनदीवरच्या भेगांवर, म्हणजे क्रेव्हासवर, हिवाळ्यातल्या बर्फाचे पूल बऱ्याच ठिकाणी अजून टिकून असतात. उतारावरचे सुटे दगड बर्फात गोठून बसलेले असतात. पहाटे बर्फ कडक असतो, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांखाली बांधायच्या धातूच्या सांगाड्याचे, दात त्यात छान रुततात आणि पाऊल विश्वासाने टाकता येतं. म्हणूनच मध्यरात्री एक-दोनला निघतात. सकाळचे दहा वाजले की हाच बर्फ मऊ पडू लागतो, पाय मांडीपर्यंत खचतो, रात्री भक्कम वाटलेले पूल कमजोर होतात, ओला बर्फ उतारावरून सुटायला लागतो. दुपारी ढग चढतात, वीज कडाडते. जूनमध्ये डोंगर तुम्हाला काम करायला पहाटेचे काही तास देतो आणि ते तास चुकवून चालत नाही.

सप्टेंबरअखेरीची गोष्ट निराळी. खाली दरीत पडलेला पावसाळ्यातला पाऊस ५००० मीटरच्या वर बर्फ होऊन पडलेला असतो. तो ताजा असतो, खालच्या जुन्या थराशी नीट बांधला गेलेला नसतो. क्रेव्हासच्या तोंडावर त्याची पातळ चादर पसरलेली असते. भेग झाकली जाते, पण तुमचं वजन पेलण्याइतका तो घट्ट नसतो. ज्या बाजूंना ऊन लागतं तिथे वरचा मऊ बर्फ उरतच नाही, उघडं पडतं ते खालच्या कडक निळसर बर्फाचं आणि दगडांचं अंग. नवख्या माणसाला त्यावर क्रॅम्पॉन चालवणं जड जातं आणि घसरल्यावर थांबवणं फारच अवघड. शिवाय दिवस. जूनच्या सुरुवातीला गढवालमध्ये जवळपास १४ तासांचा उजेड असतो, सप्टेंबरअखेरीला १२ तासांचा. वर चढायला अपेक्षेपेक्षा तीन तास जास्त लागले तर जूनमध्ये तुम्ही दमून परत याल, ऑक्टोबरमध्ये अंधारात.

थंडीचा हिशेब स्वतः करता येतो. साधारणपणे दर १००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. ३००० मीटरवरच्या गावात पहाटे ५ अंश असतील, तर ६००० मीटरवर उणे १५ च्या आसपास. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ती थंडी उणे २७ सारखी जाणवते. हातमोजा काढून दोरीची गाठ मारायची असते तेव्हा हा आकडा आठवेल.

हे सगळं मांडल्यावर माझा कौल पहिल्या हंगामाकडे झुकतो. शिखर बर्फाचं असेल, वाट हिमनदीवरून जात असेल आणि चढणारी व्यक्ती या वाटेला नवीन असेल, तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंतचा काळ सप्टेंबरपेक्षा बरा. आयोजकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘निघायचं’ म्हटलं असेल तर शिखराचा दिवस जूनच्या मध्याला जाऊन पोचतो, हे ध्यानात घ्या. मान्सून आठवडाभर लवकर आला तर तुम्ही वरच्या कॅम्पवर असताना येईल. शिखराची वाट दगडी धारेवरून जाणारी असती, तर मी कदाचित सप्टेंबर म्हटलं असतं. म्हणून आयोजकांना ‘कुठला महिना चांगला’ असं विचारू नका. शेवटच्या कॅम्पपासून माथ्यापर्यंत त्या तारखांना पायाखाली काय असतं, दबून घट्ट झालेला बर्फ, निळसर कडक बर्फ की दगड, असं विचारा. ज्याला याचं उत्तर वाटेच्या तुकड्या-तुकड्याने देता येतं, तो तिथे खरंच गेलेला असतो.

आता तुमच्या ‘सुरक्षित महिना’ या कल्पनेबद्दल. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या ट्रेकवर हवा अचानक बिघडली आणि नऊ जण दगावले. ती वाट ६००० मीटरची नव्हती, तुम्ही केलेल्या ट्रेकसारखीच होती, आणि तारखा ऐन हंगामातल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०२२ ला गढवालमधल्याच द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलन झालं, २५ हून अधिक जण गेले. ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते, म्हणजे त्या डोंगराची ओळख असलेली, शिकवणारी आणि शिकणारी माणसं. ऑक्टोबर हा नेपाळमधला सर्वांत लोकप्रिय महिना. २०१४ साली १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलेला जोर १४ तारखेला अन्नपूर्णा परिसरात बर्फ होऊन उतरला. ५४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास आणि शेजारच्या भागात ४० हून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा आपल्या खिंडीशी संबंध असेल, असं त्यांच्यापैकी किती जणांच्या मनात आलं असेल?

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. हे सगळे जण पंचांगाच्या दृष्टीने बरोबर होते. महिना निवडून तुम्ही हवा बिघडण्याची शक्यता कमी करता, ती नाहीशी करता येत नाही. उरलेल्या शक्यतेसाठी तुमच्याकडे काय तयारी आहे, हा खरा प्रश्न, आणि तो तुमच्या पत्रात नाही.

सोबत्यांच्या ‘सगळे तेव्हाच जातात’ या मुद्द्याकडे थोडं बारकाईने पाहा. मे-जूनमध्ये गर्दी असते त्याला डोंगराचं कारण आहेच, पण शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या हेही तितकंच मोठं कारण आहे. लोक त्यांच्या सोयीने जमतात, मग आयोजक त्या सोयीनुसार तुकड्या लावतात आणि काही वर्षांनी तीच सोय ‘योग्य काळ’ म्हणून सांगितली जाते. गर्दीचा एक फायदा नक्की आहे. वाटेवर पावलं उमटलेली असतात, मदतीला माणसं असतात. तोटाही तिथेच असतो. पुढचे चढताहेत म्हणजे चढण्यासारखी हवा असणार, असं समजून आपण आपलं डोकं चालवणं थांबवतो. एव्हरेस्टवर १० आणि ११ मे १९९६ ला आठ जण गेले, तोही मोक्याचा मे महिनाच होता. त्या दिवशी अनेक जण माथ्यावर ठरलेल्या परतीच्या वेळेनंतर पोचले होते आणि वादळ उतरताना लागलं.

तुमच्या स्नेह्यांच्या स्वच्छ आकाशाबद्दलही तेच. पावसाळ्यानंतरची हवा पारदर्शक असते, दूरवरची शिखरं हाताला लागतील अशी दिसतात. ट्रेकसाठी मीही हाच हंगाम निवडेन. पण आकाश स्वच्छ असलं की रात्री जमिनीची उष्णता अडून राहत नाही, थंडी वाढते. आणि दोन-तीन दिवस बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडतं ती सकाळ फार फसवी असते. नव्या बर्फाचा भार उतारावर तसाच असतो. हिमस्खलनाचा धोका बर्फ पडत असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. कॅमेरा काढावासा वाटणाऱ्या त्या सकाळी तंबूत बसून राहणं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला फार कठीण जातं.

ऑगस्टचं थोडक्यात सांगते. गढवालमध्ये ऑगस्टला जाऊ नका. वर जायच्या आधीच दरडी, तुटलेले रस्ते आणि फुगलेले नाले तुम्हाला अडवतील. पण ‘ऑगस्ट वाईट’ हे वाक्य सगळ्या हिमालयाला लागू नाही. लडाख पर्जन्यछायेत आहे, लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै ते सप्टेंबर हाच तिथला चढाईचा काळ आणि ६२५० मीटरचं कांग यात्से-२ याच दिवसांत चढलं जातं. तिथेही डोळे मिटून जाता येत नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली होती. बर्फ वितळल्याने दुपारी ओढे फुगतात, ते सकाळीच ओलांडायचे. आणि जुन्या लेखांवर विसंबून बेत आखू नका. ६१५३ मीटरचं स्टोक कांगरी अजूनही कित्येक याद्यांमध्ये ‘पहिलं सहा हजारी शिखर’ म्हणून झळकतं, पण ते २०२० पासून चढाईसाठी बंद केलं गेलं आहे. शिखर खुलं आहे का, इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी लागते का आणि ती कुणाच्या नावावर निघाली आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दुसऱ्या देशांतल्या शिखरांचे बेत करणाऱ्या वाचकांसाठीही हाच विचार लागू पडतो. प्रत्येक डोंगराला स्वतःचं वेळापत्रक आहे आणि त्यामागे स्वतःचं कारण आहे. अर्जेंटिनातलं अकोन्काग्वा दक्षिण गोलार्धात, म्हणून तिथला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. किलिमांजारो विषुववृत्ताजवळ, तिथे उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा पाऊस महत्त्वाचा. जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर असे दोन कोरडे काळ मिळतात. अलास्कातल्या डेनालीवर जुलैच्या मध्यानंतर थंडी कमी झालेली असते तरी लोक जात नाहीत, कारण तोवर हिमनदीवरचे पूल ढासळायला लागतात. कारण कळलं की महिना पाठ करावा लागत नाही.

यात एक नवी अडचण आहे आणि ती दरवर्षी वाढते आहे. ही वेळापत्रकं ज्या हवामानावर बेतलेली होती, ते बदलतं आहे. आल्प्समध्ये जुलै-ऑगस्ट हा पिढ्यान्‌पिढ्या भर हंगाम. २०२२ च्या उन्हाळ्यात माँ ब्लांच्या नेहमीच्या वाटेवर दगड इतके सुटू लागले, की तिथल्या वाटाड्यांच्या संघटनांनी जुलैच्या मध्यापासून त्या वाटेने माणसं नेणं थांबवलं. दगडांना धरून ठेवणारा बर्फच वितळत होता. त्याच वर्षी ३ जुलैला इटलीतल्या मार्मोलादावर हिमनदीचा तुकडा तुटून ११ जण गेले, आणि माथ्यावरचं तापमान त्याआधी १० अंशांच्या आसपास गेलेलं होतं. हिमालयातही ‘आमच्या वेळी जूनमध्ये इथे बर्फच असायचा’ हे वाक्य जुन्या वाटाड्यांकडून ऐकू येतं. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा वृत्तांत वाचून तारखा ठरवू नका. गेल्या दोन वर्षांत, त्याच वाटेवर, त्याच पंधरवड्यात काय परिस्थिती होती ते शोधा. निघण्याआधी महिनाभर भारतीय हवामान खात्याचे अंदाज रोज पाहत जा. अरबी समुद्रात, बंगालच्या उपसागरात काय चाललं आहे तेही पाहा.

आता १२ दिवस. कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा डोंगरातल्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. जून असो वा सप्टेंबर, शरीराला त्या हवेची सवय व्हायला तेवढेच दिवस लागतात. समजा पहिली रात्र ३००० मीटरवर, दुसरी ३५०० वर, तिसरी ४००० वर. चौथा दिवस थांबायचं. पाचव्या दिवशी ४५०० मीटरवर बेस कॅम्प. सहाव्या दिवशी ५००० पर्यंत सामान पोचवून खाली झोपायला यायचं. सातवा दिवस विश्रांती आणि दोर-क्रॅम्पॉनचा सराव. आठव्या दिवशी पहिला कॅम्प, नवव्या दिवशी साडेपाच हजारच्या आत-बाहेर वरचा कॅम्प, दहाव्या दिवशी माथा आणि परत. अकरावा-बारावा दिवस खाली उतरायला.

१२ दिवस झाले, आणि यात तुम्ही अजून घरातून गावापर्यंत गेला नाहीत की गावातून घरी आला नाहीत. जाण्या-येण्याचे चार दिवस धरा, १६ झाले. यात एकही दिवस हवा बिघडलेली नाही. झंझावात आला तर दोन-तीन दिवस सहज जातात, वर बर्फ बसायला एखाद-दुसरा दिवस. म्हणजे तीन-चार दिवस राखीव हवेतच. आकडा १९-२० वर जातो. तुमची रजा १२ दिवसांची आहे. आयोजक हीच मोहीम १२ दिवसांत बसवत असतील तर त्यांनी कुठले दिवस कापले आहेत ते पाहा. ते एकतर सवय होण्याचे दिवस असतात किंवा राखीव दिवस.

पहिले कापले तर त्रास शरीर देतं: डोकेदुखी, उलट्या, पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी. यावर खाली उतरणं हाच भरवशाचा उपाय. दुसरे कापले तर त्रास मनाला होतो आणि तो जास्त धोकादायक, असं माझं मत आहे. परतीचं तिकीट परवाचं आहे, शिखराचा एकच दिवस हातात आहे, वर ढग दाटले आहेत. अशा वेळी शहाणी माणसंही ‘थोडं जाऊन तर पाहू’ म्हणतात. राखीव दिवस हातात असले की ‘आज नको, उद्या’ म्हणता येतं. नसले की ‘आज नको’ चा अर्थ ‘कधीच नको’ होतो, आणि तेवढं धैर्य त्या उंचीवर, त्या थकव्यात फार कमी जणांत उरतं.

म्हणून माझा सल्ला असा: या वर्षी या शिखराला १२ दिवसांत जाऊ नका, जूनमध्येही नको आणि सप्टेंबरातही. रजा वाढवता येत नसेल तर याच काळात ५००० मीटरच्या आतबाहेरची एखादी खिंड करा, ज्यात तुमच्या १२ दिवसांत दोन राखीव दिवस मावतील. आणि पुढच्या वर्षीची रजा आधी कोर्ससाठी मागा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांचे प्राथमिक कोर्स साधारण चार आठवड्यांचे असतात. जागा लवकर भरतात, चौकशी आत्ताच सुरू करा. चार आठवड्यांची रजा मागणं सोपं नाही, हे मला कळतं. नोकरी, घर, सगळं सांभाळून तुम्ही हे करता आहात. पण घसरल्यावर आइस ॲक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने, स्वतःला थांबवणं, दोरीवर क्रेव्हास ओलांडणं, पहाटेचा बर्फ आणि दहा वाजताचा बर्फ पायाने ओळखणं या गोष्टी बेस कॅम्पवरच्या एका दुपारच्या सरावात येत नाहीत. हंगामाबद्दलचं सगळं ज्ञान शेवटी तुमच्या पायांना कळायला हवं.

शिखराची मोहीम ठरवाल तेव्हा आयोजकांशी बोलताना संकोच करू नका. राखीव दिवस किती आहेत आणि ते वापरले गेले तर जादा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. शिखराच्या दिवशी परत फिरण्याची वेळ किती वाजताची आहे आणि ती कोण पाळायला लावणार? गेल्या हंगामात किती तुकड्या माथा न गाठता परतल्या? या शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असं उत्तर अभिमानाने आलं, तर मी दुसरे आयोजक शोधेन. संपर्काची काय सोय आहे तेही विचारा. भारतात सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा परदेशातल्या कुणाकडून मागवून तो स्वतः घेऊन जाऊ नका. विम्याच्या कागदांत उंचीची मर्यादा आणि दोर वापरून केलेली चढाई यांबद्दल काय लिहिलं आहे, ते शब्दन्‌शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसी नेमक्या तिथे हात वर करतात.

राहिला आई-वडिलांना दिलेला शब्द. ‘सुरक्षित महिन्यात जाईन’ हा शब्द तुम्हाला पाळता येणार नाही, कारण तसा महिना नाही. तो त्यांच्याकडून परत मागून घ्या. त्यांच्यासमोर बसा, वरचा दिवसांचा हिशेब त्यांना दाखवा, कुठल्या दिवशी तुम्ही कुठे असाल आणि कुठे फोन लागणार नाही ते नकाशावर दाखवा. ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर आणखी किती दिवस वाट पाहायची आणि मग कुणाला फोन करायचा, ते त्यांना लिहून द्या. आणि त्यांना दुसरा शब्द द्या, जो पाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे: ठरलेली वेळ झाली की माथा कितीही जवळ दिसत असला तरी मी वळेन, आणि वर नेणारा माणूस ‘आज नाही’ म्हणाला तर वाद घालणार नाही. वडील कदाचित विचारतील, मग एवढा खर्च करून न चढताच परत यायचं का? त्यांना आत्ताच ‘हो’ म्हणून ठेवा, आणि त्या खर्चाची दुसऱ्यांदा तजवीज कशी करायची तेही तेव्हाच ठरवा.